अडीच किलोचा तवा आणि न विझणारी भट्टी

भिलाईला कुणी फिरायला जात नाही. मीही गेले नव्हते. मी गेले होते एका तव्याची चौकशी करायला, आणि परत आले ती पोळ्या करण्याची अशी एक सवय घेऊन की घरचे अजून मला चिडवतात. ज्यांनी भिलाई पाहिलेली नाही आणि ज्यांनी आपल्या घरचा तवा कधी उलटा करून पाहिलेला नाही, अशा दोघांसाठी हे लिहिते आहे.

आधी माझं काम सांगते, म्हणजे पुढचा गोंधळ समजेल. नाशिकच्या आमच्या लहानशा कचेरीत आम्ही सहाजण रोजच्या वापरातल्या वस्तू मोजतो. साबण, बादली, चप्पल, पाण्याची बाटली. मोजतो म्हणजे लांबी-रुंदी नव्हे. त्या वस्तूचा कच्चा माल जमिनीतून निघाला तेव्हापासून ती भंगारात जाईपर्यंत तिच्यापायी किती कोळसा जळला, किती पाणी नासलं, किती धूर हवेत गेला याची बेरीज करतो आणि हा भार कुठे कमी करता येईल ते सांगतो. ऐकायला फार थोर वाटतं. प्रत्यक्षात दिवसभर आकडे भरायचे आणि ज्यांचे आकडे वाईट येतात त्यांच्या शिव्या खायच्या.

एका मोठ्या दुकानसाखळीनं आमच्याकडे पाच तवे पाठवले होते. ज्याचा भार सगळ्यात जास्त, तो तवा दुकानातून बाद करायचा असं त्यांनी ठरवलं होतं. चार तवे हलके, चकचकीत, पोळी चिकटू नये म्हणून काळा मुलामा दिलेले. पाचवा अडीच किलोचा, लोखंडी, दांड्याजवळ ‘रामटेके, सुपेला’ असा ठसा. तो मी एका हातानं उचलायला गेले आणि मनगट मुरगळलं, तेव्हापासूनच माझं त्याच्याशी जमलं नाही. वजन तिप्पट, वर कोळशाची भट्टी. अहवालात तो शेवटच्या नंबरावर गेला. मी सही केली आणि विसरले.

आठ दिवसांनी पत्र आलं. तव्याच्या मालकाची मुलगी अस्मिता रामटेके हिनं लिहिलं होतं, अर्धं मराठीत, अर्धं हिंदीत. आमचा बहुतेक माल या दुकानांतच जातो, तवा बाद झाला तर बाबांचं वर्कशॉप बंद पडेल, शनिवारी त्यांची बैठक आहे, असं सगळं सांगून शेवटी तिनं विचारलं होतं, “मॅडम, तुम्ही आमचा तवा तोलला. त्याच्यावर पोळी केली का?”

माझ्या डोक्यात तिडीक गेली. पंधरा वर्षं हे काम करणाऱ्या बाईला पोळी करायला शिकवते! पण आमचे साहेब शांत माणूस. ते म्हणाले, “जाऊन ये. चुकलं असेल तर दुरुस्त करू, नसेल तर तसं तोंडावर सांगून ये.” मी तोंडावर सांगायच्याच तयारीनं निघाले.

मंगळवार, सुपेला

भिलाईशेजारच्या दुर्ग स्टेशनवर उतरले तेव्हा माझ्या मांडीवर गोधडीत गुंडाळलेला इलेक्ट्रॉनिक वजनकाटा होता. तो मी रात्रभर बाळासारखा सांभाळला होता. अस्मिता स्कूटर घेऊन आली होती. तिशीची, बारीक अंगाची, नजरेला नजर देऊन बोलणारी. तिनं मला नमस्कार केला, काट्याकडे पाहिलं आणि काटा आमच्या दोघींच्या मधे ठेवून गाडी सुरू केली.

भिलाई म्हणजे दोन गावं आहेत असं मला वाटलं. एक स्टील प्लांटची टाउनशिप. तिथं रुंद रस्ते, दोन्ही बाजूंना मोठी झाडं, सारख्या क्वार्टरांच्या रांगा, इतकी शिस्त की आपण उगीच ताठ बसतो. दुसरं गाव त्या शिस्तीच्या बाहेर साठलेलं. सुपेला हे त्या दुसऱ्या गावाचं नाक. चौकात ट्रक, ऑटो, हातगाड्या, सायकली, आणि प्रत्येकाला आधी जायचं असतं. तिथंच अस्मितानं गाडी थांबवली, मी काटा काढून वरची गोधडी सोडवली, आणि समोरच्या रांगेत एकदम हालचाल झाली. एका भाजीवाल्यानं तराजू पोत्याखाली सारला. किराणावाल्यानं शटर अर्धं ओढलं.

“क्या हुआ?” मी विचारलं.

अस्मिता हसू दाबत म्हणाली, “मॅडम, वो लोग आपको वजनमाप की इन्स्पेक्टर समझ रहे हैं. काटा झाका, नाही तं आज बाजारच बंद होईन.”

नाशिकला मला भाजीवाला दोन मिरच्या जास्त देत नाही, आणि इथं बाजाराची पाचावर धारण! खरं सांगते, मला थोडं बरं वाटलं.

वर्कशॉप गल्लीच्या टोकाला होतं. पत्र्याचं छप्पर, एक प्रेस, चार कामगार आणि कोपऱ्यात विटांची भट्टी. धनराज रामटेके, म्हणजे अस्मिताचे वडील, भट्टीसमोर उभे होते. मूळचे भंडाऱ्याकडचे. स्टील प्लांटमधे बत्तीस वर्षं भट्ट्यांवर काढली आणि निवृत्तीनंतर एका उस्तादाचं हे जुनं वर्कशॉप, त्याच्या साच्यांसकट, चालवायला घेतलं. मला वाटलं होतं गयावया करतील. ते म्हणाले,

“जय भीम, मॅडम. मले सूट नको. पोट्टीनं चिठ्ठी लिवली, मले विचारलं नाही. पण आता आल्याच हा, तं समदं मोजा. आमाले प्लांटात मोजल्याबिगर काईच करू देत नसत.”

असा माणूस मला आवडतो. मी काटा मांडला आणि दिवसभर मोजत राहिले. जाड पत्र्याचे उरलेले तुकडे भंगारवाल्याकडून येतात, त्यातून गोल चकत्या कापतात, भट्टीत लाल करतात, साच्यात दाबतात, घासतात, मोहरीचं तेल चोळतात. इथं माझी पहिली चूक सापडली. नाशिकला बसून मी सगळं लोखंड नवं धरलं होतं. ते मी खोडलं, आणि अस्मिताचा चेहरा उजळला.

तो फार वेळ उजळलेला राहिला नाही. जेवणाच्या सुट्टीत प्रेस थांबला, कामगार डबे घेऊन बाहेर बसले, आणि भट्टी मात्र आत एकटीच धडधडत होती. तासभर. मी विचारलं, “काका, आत काही नाही ना? मग ही कशासाठी जळते आहे?”

“जळन नाही तं काय करन? भट्टी थंडी करत नसतात.”

“संध्याकाळी?”

“संध्याकाळी राख लावून धुमसत ठेवतो. पहाटे मी येऊन कोळसा टाकतो. नऊ वर्ष झाले, एक दिवस विझू देली नाही.” हे त्यांनी छाती काढून सांगितलं.

मग मला कळलं. प्लांटच्या प्रचंड भट्ट्या थंड होऊ देत नाहीत. एकदा थंड झाली की आतल्या विटा तडकतात, मोठं नुकसान होतं. बत्तीस वर्षं तो धाक या माणसाच्या हाडात मुरला होता, आणि सुपेल्यातल्या कमरेएवढ्या भट्टीलाही ते तोच मान देत होते. मी कोळशाच्या टोपल्या तोलल्या. रोजच्या कोळशातला मोठा वाटा, एकही तवा तयार होत नसताना जळत होता.

म्हणजे माझा अहवाल चुकीचा होता खरा, पण खरा आकडा त्याहून वाईट निघाला. मी ते त्यांना सांगितलं. अस्मिता हिंदीत काहीतरी पुटपुटून बाहेर निघून गेली. धनराजकाकांनी माझी वही ओढून घेतली आणि एकेका आकड्यावर बोट फिरवलं.

“मोजलं ते मोजलं,” ते म्हणाले. “पण भट्टी विझवाची गोष्ट करू नका. वीट तडकली तं काम बंद, अन् मंग तुमच्या नंबराची गरजच नाही.”

बुधवार, कोहका

रामटेक्यांचं घर कोहक्यात आहे. प्लांटचा क्वार्टर सोडल्यावर बांधलेलं, दारात तुळशीऐवजी कढीपत्त्याचं झाड. माझी राहण्याची सोय तिथंच केली होती. बुधवारी सकाळी काका नेहमीप्रमाणे भट्टीवर गेले होते. मला आता तव्याचा वापर मोजायचा होता, कारण तवा बनताना जो भार पडतो तो एकदाच, पण त्याच्याखाली गॅस जळतो तो रोज.

सुमनकाकूंनी, म्हणजे अस्मिताच्या आईनं, कमरेला पदर खोचला. ठरलं असं : गॅसची लहान टाकी काट्यावर ठेवायची. आधी मी आणलेल्या मुलाम्याच्या हलक्या तव्यावर वीस पोळ्या, मग घरच्या जाड तव्यावर वीस पोळ्या. दोन्ही वेळा टाकीचं वजन किती उतरलं ते लिहायचं. साधी गोष्ट.

हलक्या तव्याच्या वीस पोळ्या झाल्या. आकडा लिहिला. जाड तवा चढवला. तो तापायलाच इतका वेळ लागला की मी मनातल्या मनात त्याला पुन्हा शेवटच्या नंबरावर बसवला. मग मात्र पोळ्या भराभर फुगायला लागल्या. पंधरा, सोळा, सतरा. आणि सतराव्या पोळीला काकूंनी गॅस बंद केला.

“काकू! गॅस का बंद केला?”

“कावून ओरडून राहिल्या? तीनच तं पोळ्या राहिल्या.”

“पण माझं मोजमाप गेलं ना! शेवटपर्यंत चालू ठेवायचा.”

“बरं बाप्पा, ठेवते चालू.”

पुन्हा कणीक, पुन्हा टाकी, पुन्हा वीस पोळ्या. सतराव्या पोळीला काकूंचा हात आपोआप बटणाकडे गेला आणि गॅस बंद. त्यांनाच कळलं नाही. मी कपाळावर हात मारला. काकूंनी जीभ चावली. तिसऱ्या वेळी मी बटणावर पहारा देत उभी राहिले. अस्मिता दारात उभी राहून व्हिडिओ काढत होती, तो अजून तिच्याकडे आहे आणि तो नाहीसा करायला ती तयार नाही.

या वेळी गॅस शेवटपर्यंत चालू राहिला. आणि शेवटच्या तीन पोळ्या काळ्या ठिक्कर पडल्या.

“पाहा,” काकू म्हणाल्या, “करपवल्या ना तुम्ही.”

मी एक करपलेली पोळी उलटसुलट करून पाहिली. मग काकूंना हळूच विचारलं, “तुम्ही रोजच आधी बंद करता?”

“मंग? तव्याले सोकिंग झालेलं राहते ना.”

“काय झालेलं?”

आता काकूंना माझी कीव आली असावी. त्यांनी हात पुसले आणि नीट सांगितलं. “हे प्लांटात होते तेव्हा घरी येऊन सांगत. लोखंडाचा गोळा एकदम लाटत नाही म्हणे. भट्टीत ठेवून आतबाहेर एकसारखा तापू द्या लागते, त्याले सोकिंग म्हणतात. मी म्हटलं, आपला तवाही तं जाडाच हाय. एकदा आतपर्यंत तापला का मंग आग कायले पाहिजे? तेव्हापासून शेवटच्या तीन पोळ्या, कधी चार, बंद गॅसवर. चाळीस वर्ष होत आले.”

“काकांना माहीत आहे हे?”

“त्यायले? त्यायनं कधी चुलीकडं पाह्यलं?” काकू म्हणाल्या आणि लाटणं आपटलं.

मी ज्याला सकाळपासून चूक म्हणून ओरडत होते, तीच मोजायची गोष्ट होती! मी खाली बसले आणि मोठ्यानं हसले. मग आम्ही पुन्हा सगळं केलं, या वेळी काकूंच्या पद्धतीनं. हलका तवा जेवढा गॅस खातो, जवळजवळ तेवढ्याच गॅसवर जाड तव्यानं वीस पोळ्या दिल्या. उलट हलक्या तव्यावर गॅस आधी बंद करून पाहिला, तर पोळी कच्ची राहिली. तो क्षणात गार पडतो. त्याच्यात धरून ठेवायला काही नसतंच.

त्या दिवशी घरात शंभरावर पोळ्या झाल्या होत्या. अर्ध्या गल्लीला वाटल्या. आम्ही तिघींनी वांग्याची भाजी आणि जवसाच्या चटणीबरोबर खाल्ल्या. आमच्याकडे जवस म्हटलं की तेल आठवतं. इथं भाजलेल्या जवसाची, लसूण-मिरची घालून कुटलेली चटणी असते, आणि वर कच्चं तेल. मी किती खाल्ली ते मोजलं नाही.

गुरुवार, कैंप-1

रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्यातली तपासनीस पुन्हा जागी झाली. एका काकूंची सवय म्हणजे सगळ्यांची नव्हे. उद्या दुकानसाखळीचे साहेब हाच प्रश्न विचारतील, आणि तो योग्य प्रश्न आहे. शिवाय दुसरी गोष्ट मोकळीच होती. मी पाचही तव्यांचं आयुष्य सारखं धरलं होतं, कारण वेगळं धरायला माझ्याकडे पुरावा नव्हता. एका तव्यासमोर एक तवा ठेवून चालणार नव्हतं. दोन्ही तवे जन्मभरात किती पोळ्या देतात ते समोरासमोर ठेवायला हवं होतं.

“कैंपात चला,” अस्मिता म्हणाली. “तिथं उस्तादाचे जुने तवे घराघरात हायेत. साचे वही हैं, लोहा वही है.”

कैंप-1 ही भिलाईची जुनी, दाट वस्ती. प्लांट उभा राहत होता तेव्हा कामगार इथं येऊन राहिले, आणि त्यांची नातवंडं अजून तिथंच आहेत. गल्ल्या एवढ्या अरुंद की काटा छातीशी धरून एकामागून एक चालावं लागलं. प्रत्येक दारात वेगळी भाषा. एका घरात तेलुगू, पुढच्यात भोजपुरी, त्याच्या शेजारी गोंदियाकडची मराठी, आणि भांडताना सगळ्यांची हिंदी. पण स्वयंपाकघरात शिरलं की तवा तोच, काळा, जाड, मधे किंचित खोलगट.

तवा किती जुना, हे तिथं कुणी साल सांगून सांगत नाही. “मोठी पोरगी झाली तेव्हाचा.” “सासूबाई होत्या तेव्हाचा.” एका आजींनी तर सांगितलं, “हा माझ्या लग्नातला, नवरा गेला, तवा हाय.” आणि आमच्याकडे पाहून एवढ्या हसल्या की मला काय करावं कळेना. मी एकेक तवा काट्यावर ठेवत गेले. नव्या तव्यापेक्षा क्वचितच कुणी काही ग्रॅमनं उतरला होता. मुलाम्याचे तवेही सापडले. एक माठावर झाकण म्हणून, एक कोथिंबिरीच्या कुंडीखाली, एक कोंबड्यांचं पाणी ठेवायला. दोन-तीन वर्षांत मुलामा निघाला की त्यांची बदली होते, असं एकीनं अगदी सरकारी सुरात सांगितलं.

मी गॅसबद्दल मुद्दाम काही विचारलं नाही. फक्त पोळ्या होताना उभी राहिले. नऊ घरांत गेलो, त्यातल्या सात घरांत शेवटच्या पोळ्यांआधी हात बटणाकडे गेला. मी कारण विचारलं की कुणी ‘सोकिंग’ म्हणे, कुणी नुसतंच “तवा गरम है ना” म्हणे. एका छत्तीसगढी बाईनं तांदळाच्या पिठाचा चीला बंद गॅसवर टाकला आणि टोमॅटोच्या चटणीबरोबर माझ्या हातात दिला. गरम, लुसलुशीत, कडेनं जाळी पडलेला. पुरावा म्हणून मी दोन खाल्ले.

दुपारी घरी बसून आकडे भरले. लोखंड उरलेल्या तुकड्यांचं, आयुष्य दहापट नाही तरी कितीतरी जास्त, गॅस बरोबरीत. तवा शेवटच्या नंबरावरून वर सरकत सरकत दुसऱ्यावर आला. आणि तिथं अडला. त्याला तिथं अडवणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे रिकामी जळणारी भट्टी.

दुसरा नंबरही पुरला असता. तवा वाचला असता. अस्मिता म्हणालीसुद्धा, “मॅडम, बस हो गया. बाबाले काई सांगू नका.” पण मला तो कोळसा डोळ्यांसमोरून जाईना. आणि सुमनकाकूंनाही जाईना. त्या चपला घालून सरळ वर्कशॉपवर निघाल्या, आम्ही दोघी मागे.

संध्याकाळचं काम संपत आलं होतं. बायको वर्कशॉपवर आलेली पाहून काका गडबडले.

“काय झालं? घरी काई झालं का?”

“काई नाही झालं. भट्टी विझवा.”

“वेडी हायेस का तू? वीट तडकन.”

“मी रोज दोनदा आग विझवते, माझी चूल तडकली नाही. तुमची भट्टी का प्लांटची हाय का? सोडलं ना आता प्लांट? का नाही सोडलं अजून?”

कामगार हातातलं काम टाकून पाहत राहिले. काकांनी माझ्याकडे वळून विचारलं, “मॅडम, एकदम थंडी झाली तं तडकते. हळूहळू झाली तं?”

“ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, काका.”

त्यांनी भट्टीच्या तोंडावर पत्रा लावला. भोवती ओल्या मातीनं फट लिंपली, एवढीशी जागा ठेवून. कोळसा घातला नाही. मग बोटभर, दोन बोटं, असा पत्रा सरकवत बसून राहिले, जशी तापलेल्या मुलाच्या कपाळावरची पट्टी बदलावी. अंधार पडल्यावर कितीतरी वेळानं आतली लाली गेली. काका हात मागे बांधून त्या काळ्या तोंडाकडे पाहत होते आणि मला वाटलं, आपण फार मोठी गोष्ट मागितली या माणसाकडे. त्या रात्री त्यांना झोप लागली नसणार. मलाही लागली नाही.

शुक्रवार, पुन्हा सुपेला

सकाळी प्लांटच्या पहिल्या पाळीचा भोंगा झाला तेव्हा आम्ही चौघं भट्टीसमोर होतो. काकांनी पत्रा काढला, राख ओढली, विजेरी घेऊन डोकं आत घातलं. बराच वेळ बाहेर काढलंच नाही. अस्मितानं माझा दंड एवढा घट्ट धरला की नंतर तिथं वळ होता.

काका बाहेर आले. तोंड राखेनं पांढरं. “विटा शाबूत हायेत,” ते म्हणाले. “लिंपणाले केसाएवढी चीर गेली, बस.” आणि अंगठ्यावर ओली माती घेऊन त्यांनी ती चीर बुजवली. माझा जीव भांड्यात पडला.

मग मी टोपली टोपली तोलून कोळसा दिला. गार भट्टी पुन्हा लाल करायला जेवढा लागला, तो रात्रभर धुमसत ठेवायला लागणाऱ्या कोळशापेक्षा कितीतरी कमी निघाला. मी दोनदा तपासलं, कारण आनंदाच्या भरात मी बेरजा चुकते. पहिली चकती आत गेली, लाल झाली, प्रेसखाली तवा झाला. काकांनी तो चिमट्यात धरून मला दाखवला आणि विचारलं,

“आता?”

“आता पहिला,” मी म्हणाले.

कामगारांनी प्रेसवर हातोडी वाजवली. समोरचा किराणावाला, ज्यानं मंगळवारी मला पाहून शटर ओढलं होतं, तो धावत काय झालं विचारायला आला आणि आनंदात त्याला चहा पाजावा लागला. मी दुपारपर्यंत अहवाल नव्यानं लिहिला. आधी काय चुकलं तेही सगळं लिहिलं, माझ्या नावानिशी. पंधरा वर्षांत मला स्वतःची चूक लिहून काढताना एवढा आनंद झाला नव्हता.

शनिवार, कोहका

बैठक दुपारी दुकानसाखळीच्या कचेरीत होती; आम्हाला फोन येणार होता. आता भट्टी दुपारच्या सुट्टीत पत्रा लावून बंद ठेवायची असं ठरलं होतं, त्यामुळे तिथं कुणी थांबायचं कारण नव्हतं. एक वाजता दारात काका उभे. सुमनकाकू बघतच राहिल्या. मग मला म्हणाल्या, “नऊ वर्षानं दुपारी घरी जेवाले आले हो. डबाच पाठवत होती मी. रविवारीबी.”

म्हणजे गावोगाव तवे पाठवणाऱ्या या माणसानं स्वतःच्या तव्यावरची गरम पोळी नऊ वर्षांत दुपारी खाल्लीच नव्हती! ते पाटावर बसले. काकूंनी पहिली फुगलेली पोळी ताटात टाकली. काकांनी ती मोडली, वाफ निघाली, आणि त्यांनी दुसरीसाठी ताट पुढे केलं. चौथ्या पोळीला फोन वाजला. अस्मितानं तो स्पीकरवर लावला.

दुकानसाखळीचे साहेब होते. त्यांनी बरेच प्रश्न विचारले, कठीण होते, मी एकेकाचं उत्तर दिलं. नऊ घरांचं सांगितलं, भट्टीचं सांगितलं. शेवटी ते हिंदीत म्हणाले की तवा राहील, पहिल्या नंबरावर राहील, पण एका अटीवर. गॅस आधी बंद करायची ही पद्धत प्रत्येक तव्याबरोबर छापून द्यावी लागेल, नाहीतर गिऱ्हाईक तसं वापरणार नाही आणि आकडा खोटा पडेल. अट अगदी बरोबर होती. मी लगेच हो म्हटलं.

“और ये तरीका किसका है?” त्यांनी विचारलं. “रिपोर्ट में नाम लगेगा.”

मी धनराजकाकांकडे पाहिलं. सोकिंग हा शब्द त्यांनीच घरी आणला होता, तवाही त्यांचाच. त्यांनी तोंडातला घास गिळला.

“माझं नाव तव्यावर हाय,” ते म्हणाले. “पद्धत हिची हाय. मले तं आज समजली.”

काकू पाठमोऱ्या होत्या. त्यांनी पोळी उलटली, बटण फिरवून गॅस बंद केला, आणि तव्यावरून नजर न काढता मोठ्यानं, फोनमधल्या साहेबांनाही ऐकू जाईल असं सांगितलं,

“सुमन धनराज रामटेके. कोहका, भिलाई. लिवा नीट.”

मी नीट लिहिलं.